खारवठारची रिफायनरी

"इथं फर्नेस येईल, बाय," यासीनचाचा म्हणाले आणि त्यांनी हातातली काठी कातळावर टेकवली. "आणि तिथं, त्या करवंदीच्या जाळीपाशी, कॉलम. उंच. खाडीत शिरणाऱ्या होडीला पहिल्यांदा तोच दिसेल."

मी काठीच्या रोखानं बघितलं. तेल तापवायची भट्टी नव्हती, तेल वेगळं करणारा मनोरा नव्हता. करवंदीची जाळी होती, तिच्याआड दोन गुरं चरत होती, आणि त्यापलीकडे उन्हानं तापलेला काळा सडा, कातळाचं उघडं पठार, थेट खाडीच्या कड्यापर्यंत पसरला होता. पावसाळा संपून थोडेच दिवस झाले होते. कातळावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. रिफायनरीची म्हणून तिथं एकच खूण होती. चार बांबूंवर पत्रा टाकून केलेलं खोपट आणि त्याला टांगलेला निळा बोर्ड. त्यावर कंपनीचं नाव आणि खाली 'नियोजित प्रकल्पस्थळ'.

"कॉलम फर्नेसच्या एवढ्या जवळ?" मी विचारलं.

"जवळ नाय. चला, चालून दाखवतो."

ते पुढे निघाले, मी मागे. मोकळ्या कातळावरून ते सरळ चालत नव्हते. मध्येच वळसा घालत होते, मध्येच थांबून डावीकडे बघून पुढे जात होते. एका जागी तर त्यांनी सवयीनं मान खाली घातली, जणू डोक्यावरून पाइप जात होता. मी हसू दाबलं. मग माझ्या लक्षात आलं की त्यांना ते कळलंसुद्धा नव्हतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यातली. मी, कुंदा सावे, तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि मुंबईतल्या एका सल्लागार कंपनीत केमिकल इंजिनिअर होते. एखादा कारखाना कागदावर दिसतो तसा जमिनीवर उभा राहील का, आणि राहिला तर चालेल का, हे तपासून कर्ज देणाऱ्यांना सांगायचं, हे आमचं काम. खारवठारचा बेत सबनीस नावाच्या एका उद्योजकाचा होता. परदेशात बंद पडलेली एक जुनी, छोटी रिफायनरी सुटी करून जहाजानं आणायची, या सड्यावर पुन्हा जोडायची, कच्चं तेल सपाट तळाच्या मालवाहू बार्जमधून खाडीवाटे आणायचं आणि तयार झालेलं डिझेल-रॉकेल रस्त्यानं घाटावर पाठवायचं. सबनीस बोलायला गोड आणि मनानं उतावळे होते. कागद वाचून माझे साहेब म्हणाले होते, "मला काही हे पटत नाही. पण तू बघून ये. नाही म्हणायचं तरी जागा बघून म्हणावं."

गावात उतरायला लॉज वगैरे नव्हतं. सबनीसांनी माझी सोय यासीन होडेकरांकडे केली होती. बावीस वर्षं आखातातल्या एका मोठ्या रिफायनरीत ऑपरेटर म्हणून काम करून ते तीन वर्षांपूर्वी कायमचे घरी आले होते. तालुक्यात रिफायनरी आतून बघितलेला दुसरा माणूस नव्हता. म्हणून सबनीसांनी त्यांना स्थानिक प्रतिनिधी नेमलं होतं. गावकऱ्यांना जे विचारायचं ते यासीनभाईंना विचारा. आणि गावकरी विचारायचे, आणि यासीनभाई सांगायचे, आणि लोकांचा विश्वास बसायचा.

खोपटाशी त्यांचा मुलगा मुनाफ शहाळी घेऊन उभा होता. बावीस-तेवीस वर्षांचा, उंच, बापासारखाच रुंद खांद्याचा. डिप्लोमा झालेला. बोर्डाची आणि जागेची देखरेख हे सध्या त्याचं काम होतं.

"मॅडम, ती जुनी रिफायनरी सुटी करायला इथून माणसं नेणार म्हणतात," शहाळं माझ्या हातात देताना तो म्हणाला. "तुमच्या रिपोर्टनंतर ठरेल ना ते?"

"बरंच काही ठरायचं आहे अजून," मी म्हटलं.

"पण होईल ना?"

यासीनचाचा मध्येच म्हणाले, "अरे, त्यांना पाणी तरी पिऊ दे."

उरलेली दुपार मी प्रश्न विचारत राहिले. एवढ्या छोट्या कारखान्याला कच्चं तेल कोण आणि कुठल्या भावानं देणार? तेल शुद्ध केल्यावर तळाला जवळजवळ निम्मं काळं, जड तेल उरतं. मोठ्या रिफायनऱ्या त्यातूनही पैसा काढतात, इथं ते कोण घेणार? आणि पाणी? सड्यावरची एकुलती एक विहीर मार्चमध्ये आटते, हे मला सकाळी रिक्षावाल्यानं सांगितलं होतं. प्रत्येक प्रश्नाला चाचा एकच उत्तर देत होते, "त्याचं सबनीससाहेब बघतील." मला नवल वाटलं. बावीस वर्षं रिफायनरीत काढलेल्या माणसाला हे प्रश्न पडले नाहीत? मग वाटलं, जीव जडला की माणूस डोळे मिटतो. माझ्या कामात असे पुष्कळ भेटायचे.

रात्रीच्या जेवणाला हलीमाचाचींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि खाडीतल्या मुळ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण केलं होतं. मुनाफ जेवता जेवता बोलत होता. सड्यावर काय होईल, वाडीतली कोण कोण पोरं परत येतील, रफीक मस्कतहून, दाऊदचा भाऊ दुबईहून. यासीनचाचा मान हलवत होते. चाची वाढत होत्या. त्या सबंध वेळात रिफायनरीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. मुनाफनं तिसऱ्यांदा कॉलमचा विषय काढला तेव्हा एवढंच म्हणाल्या, "जेव आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीचं तोंड बघायला निघालो. मुनाफला चाचांनी तालुक्याला कसल्याशा कामाला पाठवलं, आणि शेजाऱ्याची छोटी होडी स्वतः वल्हवत नेली. ओहोटी लागलेली होती. खाडीच्या मुखाशी पोचलो तर समोर पाण्याचा रंगच बदललेला. वाळूचा लांब दांडा पाण्याखाली आडवा पडला होता. चाचांनी वल्हं उभं करून खाली घातलं. ते अर्ध्यातच टेकलं.

"बार्ज इथून आत येणार नाही," मी म्हटलं.

"भरतीला येईल."

"भरतीला येईल, भरलेली असेल तर अडकेल. आणि पावसाळ्याचे चार महिने तर येणारच नाही. गाळ काढायचा म्हटलं तर दर वर्षी काढावा लागेल. चाचा, एवढा खर्च छोट्या रिफायनरीला झेपत नाही. मोठी असती तर गोष्ट वेगळी."

"विचारा," ते म्हणाले. "अजून विचारा."

"आता काय विचारू? तळाचं तेल विकत घेणारा नाही, पाणी नाही, वाट नाही. ती जुनी यंत्रं तिकडच्या लोकांनी उगाच बंद केली नसतील."

चाचांनी वल्हं होडीत आडवं ठेवलं. होडी हळूहळू फिरत राहिली. किनाऱ्यावर खारफुटीत बगळे बसले होते. त्यांच्याकडं बघत ते बोलले.

"हे सगळं मला ठाऊक होतं, बाय. सबनीससाहेब पहिल्या दिवशी सड्यावर आले, खाडीकडं हात करून म्हणाले, इथून बार्ज येईल, त्याच दिवशी ठाऊक होतं. पाण्यात वाढलेला माणूस मी. आणि तळाचं तेल काय चीज असते ते माझ्या हाडांनी बघितलंय."

मी विचारलं, "मग लोकांना हो का म्हणालात?"

"लोकांना मी हो म्हटलेलं नाय. लोकांची एक इंच जमीन अजून गेलेली नाय, मी जाऊ दिलेली नाय. सह्या करू नका, रिपोर्ट येऊ दे, असं मीच सांगत आलोय. मी हो म्हटलं ते मुनाफला."

मग त्यांनी सांगितलं. मुनाफचे मामा चाचांच्याच आखातातल्या रिफायनरीत होते. त्यांनी भाच्यासाठी व्हिसा काढून पाठवला होता. दिवाळीनंतर दोन आठवड्यांत त्याची मुदत संपत होती. पोरगं निघालंच होतं, बॅगसुद्धा आणली होती. तेवढ्यात सबनीस गावात आले.

"अल्लानं पाठवला माणूस, असं वाटलं मला," चाचा म्हणाले. "मी मुनाफला म्हटलं, घरातच रिफायनरी येतेय, बाहेर कशाला जातोस? तो थांबला."

"तिकडे जाण्यात एवढं काय वाईट आहे? तुम्हीही गेला होतात."

"म्हणूनच."

त्यांनी खाडीच्या पाण्यात हात बुडवला आणि तो तसाच ठेवला.

"अन्वर म्हणून होता. चिपळूणकडचा. नऊ वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो, एका टोपात जेवलो. एक दिवस फर्नेस विझली. वरून घाई, उत्पादन थांबलं म्हणून. आत वायू साचलेला असतो, तो आधी घालवावा लागतो, मग पेटवायची. त्याला थांबू दिलं नाय. त्यानं दारातून पेटता बोळा आत घातला. मी पाच पावलं मागे होतो. नऊ वर्षं, बाय, एका खोलीत. आणि मला त्याला ओळखता आलं नाय."

होडी वाळूच्या दांड्याला हलकेच घासली.

"त्यानंतरही मी सहा वर्षं त्याच फर्नेसवर काम केलं," ते म्हणाले. "घर बांधायचं होतं. मला स्वतःची भीती नव्हती वाटत. पण मुनाफ त्या दारासमोर उभा राहिलेला मला रोज दिसतो. चुकीचं असेल माझं. पण दिसतो."

"तुमची माझ्याकडून काय अपेक्षा आहे?"

"रिपोर्टात खरं तेच लिहा. खोटं लिहा असं मी कुणाला सांगणार नाय. फक्त इथून जाताना नाय म्हणू नका. बघू म्हणा. वेळ लागेल म्हणा. दिवाळी जाऊ दे, व्हिसा जाऊ दे. मग मी त्याला होडी घेऊन देईन, दुकान घालून देईन, लग्न करून देईन. एवढंच करा."

रिपोर्ट लिहून व्हायला तसाही महिना लागणार होता. मी म्हटलं, "मी होऊन काही बोलणार नाही, चाचा." त्यांनी मान हलवली, वल्हं उचललं आणि होडी गावाकडे वळवली.

संध्याकाळी मी पडवीत कागद आवरत होते तेव्हा हलीमाचाचींनी आत हाक मारली. चुलीपुढं बसून त्या सुका जवळा निवडत होत्या. मला पाट सरकवला.

"होणार नाय ना?" त्यांनी विचारलं.

मी जवळ्यातली एक काडी उचलून बाजूला टाकली.

"तुझ्या तोंडावर कालच लिहिलेलं होतं. आणि यांच्या तोंडावर तर मी पहिल्या दिवसापासून वाचतेय." जवळा सुपात पाखडत त्या म्हणाल्या, "होडीत यांनी तुला अन्वरचं सांगितलं असेल."

"तुम्हाला माहीत आहे?"

"मला यांनी सांगितलं, तो छातीत कळ येऊन गेला. पण अन्वरची बायको माझ्या माहेरची. तिला मी मांडीवर घेऊन बसलेय. मला माहीत नसेल?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "मला भीती वाटत नाय असं समजू नको. पण या घरात बावीस वर्षं मी एकच वाक्य ऐकलं. पुढच्या वर्षी कायमचा येतो. दर पत्रात. माणूस गेला तर गेला म्हणून रडता येतं. येतो-येतो म्हणत राहिला की रडताही येत नाय. आता माझं पोरगं सड्यावर बसून एका बोर्डाची राखण करतं. गावातली पोरं त्याला काय म्हणतात, ठाऊक आहे? मॅनेजर. हसून म्हणतात. त्याला वाटतं, खरंच म्हणतात."

"मग तुम्ही का सांगत नाही त्याला?"

"मी सांगितलं तर आईनं घालवला असं होईल. आणि यांना ते सोसायचं नाय." त्या उठल्या, भाकरीचं पीठ काढायला लागल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तू सांग असं मी म्हणत नाय. पण त्यानं विचारलं तर खोटं बोलू नको. एवढंच."

एका घरातल्या दोन माणसांनी एकाच दिवशी माझ्याकडे 'एवढंच' मागितलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मुनाफ मला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला आला. यासीनचाचा अंगणाच्या फाटकापाशी उभे राहिले. माझ्याकडे बघून त्यांनी हात छातीला लावला. मी मान हलवली. पाखाडीच्या पायऱ्या चढून आम्ही वर आलो. मुनाफच्या खांद्यावर माझी बॅग होती. थांब्यावर कोणी नव्हतं.

"मॅडम," बॅग खाली ठेवत तो म्हणाला, "बाबांसमोर विचारता येत नाही म्हणून आत्ता विचारतो. मामाचा व्हिसा पडून आहे. मी नाही गेलो तर तो दुसऱ्याला जाईल, पुन्हा मिळणार नाही. बाबा म्हणतात, थांब. मी थांबलोय. माझ्या वर्गातले सगळे गेले. मला फक्त खरं सांगा. ही रिफायनरी होणार का?"

वळणावर एसटीचा आवाज येत होता. मी 'बघू' म्हणू शकले असते. गाडी आली असती, मी चढले असते. पण तो माझ्यासमोर असा उभा होता की जणू परीक्षेचा निकाल ऐकायला आलाय, आणि नापास झालो तरी चालेल, पण आज कळू दे.

"नाही," मी म्हटलं. "इथं रिफायनरी होणार नाही. चालणार नाही म्हणून होणार नाही."

त्याचा चेहरा बदलला नाही. त्यानं बॅग उचलून गाडीच्या दारात ठेवली. मी चढल्यावर खालूनच विचारलं, "बाबांना माहीत आहे?"

"ते तू त्यांनाच विचार."

त्यानं मान हलवली. गाडी सुटली. मागच्या काचेतून मला दिसलं, तो घराच्या पाखाडीकडं न वळता सड्याच्या वाटेला लागला होता.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्या ऑफिसात फोन आला. यासीनचाचा मुंबईत होते. "मुनाफ उद्या जातोय. तुमचा वेळ असला तर येऊन जा, बाय. मुद्दाम नको." ते भेंडीबाजाराजवळच्या एका मुसाफिरखान्यात उतरले होते. मी दुपारीच गेले. जिना चढताना मनात शब्द जुळवत होते, आणि खोलीच्या दारात पोचल्यावर ते सगळे विसरले.

खोलीत दोन खाटा होत्या. मुनाफ एका खाटेवर बसला होता. चाचा जमिनीवर उकिडवे बसले होते आणि फरशीवर खडूनं फर्नेस काढत होते. मला बघून म्हणाले, "या, बाय, बसा. थोडंच राहिलंय."

मी दुसऱ्या खाटेवर बसले.

"हे दार," ते मुनाफला म्हणाले. "याच्यासमोर कधी उभं राहायचं नाय. पेटलेली असो, विझलेली असो. बाजूला उभं राहायचं, असं, खांदा भिंतीला. बघायचं असेल तर मान नाय वळवायची, अख्खं अंग मागे ठेवायचं. समजलं?"

"समजलं, बाबा."

"विझली तर?"

"आधी वायू काढायचा."

"किती वेळ?"

"पुस्तकात लिहिला असेल तेवढा."

"त्याच्या दुप्पट. साहेब ओरडेल. ओरडू दे. म्हणायचं, माझ्या बापानं सांगितलंय. नोकरीवरून काढला तर ये परत. कोणी काही म्हणणार नाय." त्यांनी खडू दुसऱ्या हातात घेतला. "रात्रपाळीला पहाटेच्या वेळी डोळा लागतो. त्या वेळी बसायचं नाय. उभं राहायचं. चालत राहायचं. वास आला तर वारा कुठून येतो ते आधी बघायचं, मग पळायचं. आणि कोणी पडलेला दिसला तर…"

इथं ते थांबले.

"तर उचलायला जायचं नाही, आधी तोंडाला मास्क लावायचा," मुनाफ हळूच म्हणाला. हे त्यांनी आधीही सांगितलं असणार.

"हां. जायचं नाय."

बराच वेळ हे चाललं. बावीस वर्षांत जे शिकले आणि जे घरात कधी बोलले नाहीत, ते सगळं त्या एका दुपारी फरशीवर उतरत होतं. आकृतीत जागा उरेना तेव्हा ते सरकून खाटेखालच्या फरशीवर काढायला लागले. मुनाफ खाली वाकून बघत राहिला. एकदा त्यानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. चाचांनी तो तसाच राहू दिला आणि काढत राहिले.

निघताना ते मला जिन्यापर्यंत सोडायला आले. हात खडूनं पांढरे झाले होते.

"मी तुम्हाला शब्द दिला होता, चाचा," मी म्हटलं.

"तुम्ही होऊन नाय बोललात. त्यानं विचारलं. त्यानं आईला सांगितलं, आणि हलीमानं मला." हातावरचा खडू झटकत म्हणाले, "राग नाय. तुम्ही खरं बोललात. फक्त एक महिना…" आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. खाली रस्त्यावर हातगाड्यांचा गोंगाट होता. "जा तुम्ही," ते म्हणाले. "मला अजून त्याला पंपाचं सांगायचंय."

माझा रिपोर्ट गेला. कर्ज नाकारलं गेलं. सबनीसांनी दुसरीकडे खटपट केली आणि वर्षभरात तो नाद सोडला. पुढं माझी नोकरी बदलली, शहर बदललं. खारवठारचं कोणी भेटलं नाही, आणि मीही कधी चौकशी केली नाही. पेपरात आखातातल्या कुठल्या कारखान्यात आग लागल्याची बातमी आली की मात्र मी मृतांची नावं शेवटपर्यंत वाचायचे. यादी कधीच पूर्ण नसायची.

गेल्या हिवाळ्यात बहिणीकडे रत्नागिरीला गेले होते. एक दिवस गाडी करून मी एकटीच खारवठारला गेले. आता वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. सड्यावर कुणीतरी कलमं लावलीत. वाडीत घरं मोठी झालीत, रंगवलेली, आणि बहुतेकांना कुलपं. होडेकरांच्या घराला कुलूप नव्हतं. पडवीत खुर्चीवर एक म्हातारा माणूस बसला होता.

"बाय," ते म्हणाले. मी नाव सांगायच्या आधीच.

मी बसले. हलीमाचाची चार वर्षांपूर्वी गेल्या, असं त्यांनी सांगितलं. शेजारची बाई दोन वेळचं करून देते. घरात सगळं होतं, मोठा टीव्ही, थंड हवेचं यंत्र, चाकांची खुर्ची, सगळं प्लास्टिकच्या वेष्टनासकट. मला विचारायचं होतं ते विचारवेना. ते त्यांनीच ओळखलं.

"मुनाफ चांगला आहे," ते म्हणाले. "चौदा वर्षं राहिला तिथं. शिफ्टचा मुख्य झाला. त्याच्या पाळीत कधी कुणाला इजा झाली नाय. अंगावर एक डाग नाय, बाय, केससुद्धा जळला नाय. मी दर जुम्म्याला दुवा मागायचो, अल्लानं ऐकली."

"आता येतो का?"

"आता तो कॅनडात असतो. बायको-मुलं तिकडंच. पोरं तिथं शिकली, तिथली झाली. आधी दोन वर्षांनी यायचा. मग तीन. आईच्या वेळी निघाला होता, पण पोचला तेव्हा मातीला दोन दिवस झाले होते. मला बोलावतो. मी एकदा जाऊन आलो. थंडी फार." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी आगीलाच भीत बसलो, बाय. आयुष्यभर. पोरगं दुसऱ्याही वाटेनं जातं हे माझ्या ध्यानातच आलं नाय."

मी म्हटलं, "मी त्या दिवशी थांब्यावर…"

"नाय," ते म्हणाले. "तो तेव्हा नाय तर नंतर गेला असता. हलीमा हेच म्हणायची. शेवटी तिचं तिकडच्या खोकल्याकडंही लक्ष असायचं. फोनवर पोराचा आवाज जरा बसलेला वाटला की सुंठ पाठवायचं म्हणायची. कॅनडाला सुंठ."

तेवढ्यात त्यांच्या मांडीवरचा फोन वाजू लागला. त्यांनी चष्मा लावला, बोटानं दोन-तीनदा चाचपडलं. पडद्यावर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा आला, मुनाफचा. पाठीमागं खिडकीत बर्फ दिसत होता. मुलगा भराभर इंग्रजीत काही बोलला. चाचांना मराठी, हिंदी आणि थोडी अरबी येत होती. इंग्रजी येत होती ती फक्त पाळी बदलताना एका माणसानं दुसऱ्याला सांगायची तेवढी. ते सरळ बसले, गळा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाले,

"ऑल नॉर्मल?"

मुलगा हसला. हा त्यांचा नेहमीचा खेळ असावा. "ऑल नॉर्मल, दादा."

"नो लीक? नो फायर?"

"नो लीक, नो फायर."

"व्हेरी गुड," चाचा म्हणाले.

यापुढं दोघांकडेही शब्द नव्हते. नातू हसत होता, आजोबा हसत होते. मग मुलगा कुणीतरी हाक मारल्यासारखा बाजूला वळला आणि पडदा काळा झाला. चाचांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला, चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला. बराच वेळ ते पुसत राहिले.